झोपेकाकांची फायनल

माझ्या प्रत्येक पत्रकाखाली माझं नाव असतं. रॉकेलच्या काळ्या बाजारावर लिहिलं तेव्हा होतं. आठ-आठ दिवस नळाला पाणी न सोडणाऱ्यांवर लिहिलं तेव्हाही होतं. नाव घालायची छाती नसेल तर लिहू नका — हे मी आता धुळ्याच्या शिबिरांत पोरींना दरडावून सांगते. आणि सांगताना दर वेळी एक पत्रक आठवतं. निनावी. त्याबद्दल मी आजवर कुणापाशी अवाक्षर काढलेलं नाही.

सांगते. पण जरा वळसा घालून येते. सरळ यायची हिंमत असती, तर तेव्हाच आले नसते का?

मी तेव्हा भुसावळात होते, कॉलेजात. हिवाळ्यात तिथे फुटबॉलची स्पर्धा भरायची. वरणगाव, चाळीसगावहून संघ यायचे, मैदानाला जत्रेची कळा यायची. तेवढे पाच आठवडे गावातलं साप्ताहिक एक सदर चालवायचं — पंचांच्या नावांची कोडी. एक निवृत्त मास्तर ती रचायचे. ‘सगळी थोर माणसं एकाच हाफपँटीत.’ ओळखा रेफ्री! उत्तर — महाजन. उत्तरं लिहून कचेरीतल्या पेटीत टाकायची. पुढच्या अंकात जिंकणाऱ्याचं नाव छापून यायचं. आणि पाच आठवडे मिळून जो पहिला येईल, त्याने पुढच्या वर्षी ते सदर लिहायचं.

छापून! तुम्ही सायक्लोस्टाइलचं पत्रक हातात धरलंय कधी? शाई बोटांना लागते, अर्ध्या वेलांट्या उडालेल्या असतात, आणि लोक त्यात भजी बांधून नेतात. माझे सगळे शब्द असेच गेले होते. मला ते सदर हवं होतं. भूक लागावी तसं हवं होतं.

आणि शेजारी सुमन राहायची.

सुमन झोपे, माझी बालमैत्रीण. दहावीनंतर घरीच, मशीनवर बायकांचे ब्लाउज शिवायची. मी अंक घेऊन तिच्याकडे जायचे, मोठ्याने कोडं वाचायचे. तिच्या तोंडात टाचण्या असायच्या. त्या न काढता, कापडावरची नजर न हलवता ती उत्तर सांगायची. ‘डोंगरावर एक मात्रा चढली’ — डोंगरे. झालं! मी रात्रभर उशाशी घेतलेलं कोडं ती बाही जोडता जोडता सोडवून टाकायची. वर हसून म्हणायची, “अगं, सोपं तर होतं.”

सोपं. हा शब्द किती लागतो, ते ज्याला लागलाय त्यालाच विचारा.

तिचे वडील, झोपेकाका, स्वतः रेफ्री. रेल्वेत फिटर होते, पण मैदानावर त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्या वर्षी फायनलची शिट्टी पहिल्यांदाच त्यांच्याकडे आली होती. काकूंनी काळा ड्रेस महिनाभर आधीच इस्त्री करून खुंटीला लावला होता. एका अंकात कोडं आलं — ‘नव्वद मिनिटं पळतो, आडनाव मात्र अंथरुणात.’ काका दोन दिवस डोकं खाजवत बसले. “आपल्या वरणगावकडचा दिसतो कोनी,” म्हणाले. सुमनने सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चहा नाकातून आला. मी समोरच बसले होते. हे लक्षात ठेवा. मी समोर बसले होते.

तीन अंकांत तीनदा सुमनचं नाव छापून आलं. चौथ्याची उत्तरं टाकायला मी कचेरीत गेले, तर संपादक — त्यांना सगळे आबा म्हणत — चार लोकांदेखत बोलले, “ताई, तुम्हाला घोषणा येतात. शब्द येतात सुमनला.” सगळे हसले. मीही हसले.

त्याच संध्याकाळी मी नव्या पत्रकाची स्टेन्सिल कापली.

हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून टायपिंगच्या क्लासात बसून टाइप केली. पाचच ओळी. ‘दर आठवड्याला एकाच घरातलं नाव कसं जिंकतं? ते घर पंचाचंच कसं? जो कोड्यांत आपल्या माणसाला सांभाळतो, तो फायनलला कुणाला सांभाळेल? आम्ही आरोप करत नाही. आम्ही विचारतो.’ खाली — एक जागरूक नागरिक. प्रश्नाला पुरावा लागत नाही, हे मला चळवळीने शिकवलं होतं. सत्तेला विचारायचे प्रश्न मी एका फिटरच्या दारावर नेऊन चिकटवले. वाचनालयात, मैदानाशेजारच्या चहाच्या टपरीवर गठ्ठे ठेवले आणि घरी येऊन पोटभर जेवले.

दोन दिवसांत गाव बोलू लागलं. काका सायकलवरून निघाले की पोरं मागून शिट्ट्या मारायची.

इथेच संपलं असतं, तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण सुमन माझ्याकडेच आली. डोळे सुजलेले. “बाबांच्या बाजूने तूच लिही. तुझ्यासारखं लिहिता येतं का कुणाला? तुझं नाव असलं की लोक मानतील.” जे वाक्य ऐकायला मी आसुसले होते, ते तिने माझ्या पदरात असं टाकलं. पुढे म्हणाली, “बाबांना स्वतःचंच नाव ओळखता आलं नाही, तेच लिही ना. लोक हसतील अन् विसरून जातील.”

बरोबर होतं तिचं. त्या एका गोष्टीने सगळा धुरळा खाली बसला असता. हे मला तिच्याआधी कळलं होतं.

मी म्हणाले, “छे गं, काकांचं हसं होईल. मानाने लिहू.”

आणि मी लिहिलं. जाणूनबुजून वाईट लिहिलं. लांबलचक वाक्यं, ‘काही गैरसमज झाले असल्यास दिलगीर आहोत’ — दिलगीर! ज्याने काही केलंच नाही त्याच्या वतीने. सापडलेला चोर जसं लिहितो, तसं. खाली माझं नाव ठळक. सुमनने ते वाचलं, माझा हात धरला, आणि स्वतः दारोदार वाटलं.

काकांनी शिट्टी समितीच्या टेबलावर ठेवली. एवढंच बोलले, “मैदानात उभं राहून लोक माह्या तोंडाकडे पाहतीन, बॉलकडे नही. मंग खेळ कसा होईन?” फायनल दुसऱ्याने खेळवली. काका त्यानंतर मैदानाकडे फिरकले नाहीत. ड्रेस बरेच दिवस खुंटीलाच होता, मी पाहिलाय. सुमनने कोडी सोडली. मी अंक घेऊन गेले तरी म्हणायची, “नको गं, काम पडलंय.” टाचण्या तोंडातच.

तिला आजही वाटतं, त्या वेळी गावात एकटी मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. दिवाळीला अजून फराळाचा डबा पाठवते. मी घेते.

मी लहान होते, असं म्हणू? वीस वर्षांची होते. रॉकेलवाल्याला मी याहून कमी गुन्ह्यासाठी चौकात उभं केलं होतं.

आणि सदर? वाद नको म्हणून आबांनी सुमनचं नाव कापलं. दुसरी मी होते. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावून पंचांची यादी हातात दिली. महाजन होते, डोंगरे होते. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. झोपे नव्हते.

मी पेन उघडलं आणि कोडी रचायला बसले.