बायचा चिठ्ठ्यांचा डबा

भिंतीवर तीनदा लाटणं वाजलं की समजायचं, बायचं बोलावणं आलं. एकदा वाजलं तर काही नाही, चपात्या चालल्यात. दोनदा म्हणजे सुमनला बोलावलंय. सुमन माझी बायको. तीनदा म्हणजे दोघांनी या, आणि हातातलं टाकून या. ठाण्याला कोपरीच्या चाळीत आमच्या दोन घरांना मधली भिंत एकच. चाळीस वर्षं ती भिंत वाजत होती.

सगळी चाळ तिला बाय म्हणायची. ख्रिस्ती बाई, पण ठाण्याचीच, बोलणं आमच्यासारखंच. आम्ही मूळचे कोलशेतचे. बाप मिठागरावर होता, मी चौथी शिकून कंपनीत लागलो. बायला तर सहीपण येत नव्हती, अंगठा. पण आवाज असा की खाली नळावर भांडण लागलं तर ती वर गॅलरीतून मिटवायची.

"हातचं पायजे. दुकानचं नको." हे तिचं वाक्य. नाताळ आला की दिवसातून दहा वेळा.

तिच्या घरची एक रीत होती, ती सांगतो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी जमायचं. मुलं, सुना, मुली, जावई, नातवंडं, कोण वसईचं, कोण डोंबिवलीचं. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बायच्या नवऱ्यानं लिहिलेल्या. तो छापखान्यात होता, अक्षर मोठं आणि सुटं, माझ्यासारख्यालाही पटकन वाचता यायचं. दरवर्षी त्याच चिठ्ठ्या. ज्याच्या हाताला ज्याचं नाव येईल, त्यानं त्याच्यासाठी आपल्या हातानं काहीतरी करायचं आणि नाताळच्या दिवशी द्यायचं. कोणाचं नाव आलं ते सांगायचं नाही.

शेजारी म्हणून आमची नावंही त्यात पडली. सुमन खूश. मला वैताग.

"तुमच्या चिठ्ठीचं मी बघते," सुमन म्हणायची. मग तीच लोकरीची टोपी विणायची, तीच मण्यांचं तोरण करायची, आणि मी छाती काढून देऊन यायचो. एकदा मला बायच्या डोंबिवलीच्या जावयाचं नाव आलेलं. सुमननं त्याला माकडटोपी विणली. बिचारा भर दुपारी ती घालून बसला, घाम पुसत होता आणि म्हणत होता, "काका, मस्त ऊब आहे."

बाय वस्तू हातात घेऊन उलटसुलट बघायची. "हे टाके तुझे नाय रे."

"मग कोणाचे?"

"विचार घरी जाऊन."

सगळे हसायचे, मीपण हसायचो. लाज कशाला वाटेल? मी एकतीस वर्षं गोणी भरल्या, शिवल्या, पाठीवर घेतल्या. घरी आल्यावर आणखी हात कोण चालवणार, असं माझं म्हणणं.

बायचा नवरा गेला, तरी त्याची चिठ्ठी डब्यात तशीच. पहिल्याच वर्षी ती मोठ्या सुनेला आली. ती घाबरली. "आई, ही चुकून राहिली."

"चुकून कशी? तो मेला म्हणून डब्यातून काढू? घरातून काढला का मी त्याला?"

सुनेनं मग काथ्या वळून एक बसायचा मोढा केला. नाताळच्या दिवशी बायनं मोठ्यानं नवऱ्याचं नाव पुकारलं, जसं सगळ्यांचं पुकारायची तसं. जरा थांबली. मग म्हणाली, "बाहेर गेलाय. मी घेते त्याचं." आणि मोढा ओढून त्यावर बसली. "मेलेल्याचं गिफ्ट कपाटात ठेवायचं नाय. वापरायचं. नायतर त्याला वाटंल आवडलं नाय."

मला ते खूळ वाटलं. तसं मी सुमनला बोललोही.

आता पिशवीचं सांगतो. सुमनकडे बाजाराची एक जाड चौकड्याची पिशवी होती. तिचा एक बंद तुटला. सुमननं त्याला गाठ मारली. त्यामुळे ती बाजू आखूड झाली आणि पिशवी तिरकी लोंबायला लागली. एकदा जिन्यात सगळे कांदे घरंगळत खाली गेले, वेचता वेचता बाय आणि सुमन दोघी हसून बेजार.

"अहो, तुम्ही गोणी शिवायचात ना? मग एवढा बंद लावून द्या की."

"उद्या."

एकदा नाही. सात वर्षं मी उद्या म्हणालो. दाभण घरात होतं. सुतळी घरात होती.

गेल्या वर्षी एप्रिलात सुमन आजारी पडली आणि मे महिन्यात गेली. दवाखान्यात सगळे रिपोर्ट त्याच पिशवीतून न्यायचो. ती गाठ तळहाताला रुतायची. रांगेत उभा असताना मी हात बदलायचो, गाठ दुसऱ्या हाताला रुतायची. डॉक्टर काय सांगायचे ते मला कळायचं नाही. मी मान हलवायचो. त्या दोन महिन्यांतलं मला नीट आठवतं ते एवढंच, गाठ.

त्या डिसेंबरात पहिल्या रविवारी भिंतीवर लाटणं वाजलं. तीनदा.

मी उठलो नाही. थोड्या वेळानं परत तीनदा. मी चिडून गेलो. "दोनदा वाजव आता, नाहीतर एकदा वाजव! दोघं कुठून आणू?"

"बस," बाय म्हणाली. "चहा घे."

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात नातवंडं पुठ्ठ्याचा गोठा बांधत होती, बाळ येशूचा. बश्यांमध्ये गहू पेरून ठेवलेले, गोठ्यापुढं हिरवं गवत दिसावं म्हणून. सुना करंज्यांचं सारण ढवळत होत्या. डबा फिरत फिरत माझ्यापाशी आला. मी हात घातला, चिठ्ठी उचलली, वाचली.

सुमन.

शेजारी बायची एक नात बसलेली, तिनं वाचलं. "आजोबा, परत उचला ना. चालेल."

"परत उचलायचं नाय," बाय म्हणाली. "आलं त्याचं आलं."

मला राग आवरला नाही. "बाय, तू मुद्दाम केलंस."

"डब्यात हात तू घातलास."

"ती मेली! सात महिने झाले! कळतंय का तुला?"

"मला सांगतोस?" बाय म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, त्या दिवशी पहिल्यांदाच. "तिला शेवटची आंघोळ मी घातली रे."

मी चिठ्ठी खिशात घातली आणि निघून आलो.

दोन आठवडे ती चिठ्ठी शर्टात होती. शर्ट बदलला की चिठ्ठी नव्या खिशात ठेवायचो. मुलगी शहाडला असते, ती फोनवर म्हणाली, "बाबा, कशाला मनाला लावून घेता? नाताळात इकडे या." मी जाणार होतो. पण खोटं कशाला लिहू, मला बायची भीती वाटली. न सांगता गेलो असतो तर तिनं शहाडला येऊन लाटणं वाजवलं असतं.

शेवटी मीच गेलो तिच्याकडे. दुपारची वेळ, ती एकटीच करंज्या लाटत होती.

"बाय, मला काही येत नाही. काय करू?"

"एकतीस वर्षं काय केलंस कंपनीत?"

"गोणी शिवल्या."

"मग शिवता येतं."

"ते काय शिवणं आहे?"

तिनं करंजीची कड दाबत दाबत, माझ्याकडे न बघता विचारलं, "तिनं तुझ्याकडं कधी काय मागितलं?"

मी मग घरी आलो.

पिशवी स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला होती. रिपोर्ट अजून आतच. ते काढून ठेवले आणि गाठ सोडायला बसलो. सुटेना. सात वर्षं बाजाराचं ओझं पडून ती दगड झालेली. नखानं केलं, दातानं केलं, मग दाभणाचं टोक घालून एकेक पीळ सैल केला. अख्खी दुपार गाठीतच गेली. मग बंद नीट जागेवर बसवला, सुतळी ओवली, आणि गोणीचा टाका घातला. दुहेरी.

पंधरा मिनिटं लागली. घड्याळ समोर होतं.

तुम्ही म्हणाल, केलंत ना शेवटी. मला कोणी असं म्हटलं की त्याला चपलेनं मारावंसं वाटतं.

नाताळच्या दिवशी बायच्या घरी तोच गोंधळ. मोठ्या कढईत फुगे तळणं चाललेलं, पिठाचे गोल गोळे टम्म फुगून वर येत होते आणि ताटात पडायच्या आत पोरं पळवत होती. जावई माकडटोपी घालून आलेला, मुद्दाम. त्याला बघून मला हसू आलं. वस्तू सगळ्या टेबलावर मांडलेल्या. माझी पिशवी कागदात गुंडाळलेली होती.

नात वस्तूला खोचलेली चिठ्ठी कानात वाचायची आणि बाय नाव पुकारायची. माझंही पुकारलं. मला कोणीतरी चष्म्याचं घर शिवलेलं. मग तिनं माझा कागद उचलला.

"सुमन!"

बाय थांबली. एखादी बाई हात पुसून स्वयंपाकघरातून बाहेर येईल, इतका वेळ थांबली. मीपण दाराकडे बघितलं. काय करणार, मान आपोआप वळली.

"कामात असंल," बाय म्हणाली. "मी घेते तिचं."

कागद सोडला. पिशवी तिनं लगेच ओळखली. दोन्ही हातांनी बंद ओढून बघितला, जोरात. बंद हलला नाही.

"गोणीचा टाका," ती म्हणाली. "हे टाके तुझे हायत." मग जवळ येऊन, फक्त मला ऐकू येईल असं, "एवढंच होतं का रे काम?"

"एवढंच."

तिनं माझ्या ताटात दोन फुगे जास्त टाकले.

दुसऱ्या दिवसापासून ती पिशवी तिच्या हातात. सकाळी मासळी घ्यायला जायची, मी गॅलरीत उभा असायचो. पिशवी सरळ लोंबत जायची. वरून बाय नीट दिसायची नाही, पिशवी दिसायची. कधी कधी मी नुसती पिशवीच बघायचो.

यंदा गणपतीच्या आधी बाय मोरीत पडली. आवाज मी ऐकला, भिंतीवर एकदाच काहीतरी आपटलं. मला वाटलं चपात्या चालल्यात. किती वेळ ती तशी पडून होती कोण जाणे. वसईची सून चार दिवस राहायला आलेली, ती बाजारातून आली तेव्हा कळलं. खुबा मोडलेला. मुलानं तिला वसईला नेलं. खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवली, तेव्हा ती मला म्हणाली, "डबा सांभाळ." मी हो म्हटलं. मला वाटलं घर सांभाळ म्हणतेय.

दिवाळीनंतर निरोप आला, बाय गेली. मी वसईला पोचलो तेव्हा चर्चमध्ये सगळे उभे होते. प्रार्थना मला येत नव्हती. सगळे बसले की बसायचो, उठले की उठायचो. एकदा सगळे बसले आणि मी उभाच राहिलो.

पंधरा दिवसांनी बायचा धाकटा मुलगा खोल्या रिकाम्या करायला आला. जाताना सुमनची पिशवी माझ्या हातात दिली. आत तो डबा.

"आईनं तुम्हाला द्यायला सांगितलंय, काका. यंदा काही सगळ्यांचं जमेलसं वाटत नाही. ज्याचा त्याचा नाताळ ज्याच्या त्याच्या घरी."

मी मान हलवली, दवाखान्यात हलवायचो तशी.

पहिला रविवार आला आणि गेला. भिंतीपलीकडे कोणी नाही. दुपारी मी डबा उघडला आणि चिठ्ठ्या अंथरुणावर मांडल्या. सगळ्या होत्या. बायच्या नवऱ्याची, सुमनची, माझी, पोरांच्या. बायची नव्हती. पुन्हा एकेक उलटून बघितली. नव्हतीच.

मग आठवलं. कोणी विचारलं की ती म्हणायची, "माझं नाव कशाला? मी डबा धरणारी." नातवंडांनी काही करून आणलंच तर म्हणायची, "डब्यात नाव नाय, घेऊ कशी?" आणि दुसऱ्याला देऊन टाकायची. बसायची ती नवऱ्याच्या मोढ्यावर. बाजारात जायची सुमनच्या पिशवीनं. तिच्या नावाचं असं चाळीस वर्षांत कोणी काही केलंच नाही, आणि त्या घरात बसून फुगे खाताना माझ्या ते लक्षातही आलं नाही.

माझ्या गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि पेन घेतलं. अक्षर वाकडं आलं, पण दोनच अक्षरं होती. बाय. चिठ्ठी डब्यात टाकली, झाकण लावलं, हलवलं, उघडलं. मग हात न फिरवता तीच उचलली. उचलायला दुसरं कोणी नव्हतं.

नाताळ चार दिवसांवर आलाय. दाभणात सुतळी ओवून बसलोय. सुमननं निदान सात वर्षं मागितलं होतं. बायनं कधी काही मागितलंच नाही, आणि तिला काय हवं होतं ते विचारायला भिंतीपलीकडे कोणी नाही.