तेरा वेळा उघडलेलं दार

आमच्या शेजारच्या शालिकभाऊले तुम्ही पाह्यलं नाई, म्हणून सांगून राह्यली. पाह्यलं असतं तर तुम्हीच मले सांगत बसले असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघा उठताना कुरकुरते, अन् तलावात उतरला का वीस वर्षांचा होते. पाण्यात पाय टाकून जरासे थांबतेत अन् म्हणतेत, "कमळाबाई, आज मरळ तिकडं आहे, त्या करंजीच्या झाडाखाली." जाळं फेकलं का मरळ तिथंच! मी मासोळी धरणाऱ्या ढिवराच्या घरी जन्मली, ढिवराच्याच घरी नांदायले आली, साठ वर्षं झाली, पण पाण्याले असा ओळखणारा माणूस दुसरा नाई पाह्यला.

एका साली आमच्या तलावाच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, पाणी झिरपायले लागलं. मोठमोठे लोक येऊन पाहून गेले, भोक कुठी आहे ते कोणाले सापडेना. पाळ फुटली असती तर खालचं सारं धान गेलं असतं, अन् आमची घरंही. शालिकभाऊ छातीभर पाण्यात उतरले अन् तळपाय घासत पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मधेच उभे राह्यले. "इथी पाणी ओढून राह्यलं," म्हणाले. तिथंच धानाचं तणीस अन् मातीची पोती दाबली, अन् पाणी थांबलं.

आता आमच्या लोकांची एक रीत आहे. मासोळीले निघालेल्या माणसाले 'कुठी चालले' असं विचारायचं नाई. टोकलं का दिवस वाया गेला. टोकलंच कोणी, तर माघारी फिरायचं, जरा बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मंग पुन्हा निघायचं. तुम्ही हसाल. हसा बापा, माझं काय जाते? भाऊची बायको ताराबाई चाळीस वर्षं पहाटे उठून मुकाट्यानं जाळं त्यायच्या खांद्यावर ठेवे, तोंडातून चकार शब्द काढत नसे. वापस आले का मात्र दारातच विचारे, "आले का जी?" अन् दिवसाची पहिली मासोळी तिच्या हातात. तोंड मिटून ठेवलं त्याचा तो मान. सहा वर्षं झाली तिले जाऊन. तवापासून भाऊ पहिली मासोळी तलावातच सोडून देत.

त्यायची एकुलती एक लेक मंजुषा, नागपूरले दवाखान्यात नर्स आहे. मागच्या वर्षी भाऊ न्हाणीत घसरून पडले. सकाळी पडले ते दुपारी मी भाजी द्यायले गेली तवा सापडले. मंजुषा धावत आली अन् म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला, काही ऐकणार नाही."

"तुझ्या नागपुरात माहा तलाव येते का?" भाऊ म्हणाले.

दोन दिवस बापलेकीचं तेच. बाप तलाव सोडेना, लेकीले झोप येईना. शेवटी ती म्हणाली, "बरं. मी घरात यंत्रं लावते. पण यंत्रानं काही उलटंसुलटं दाखवलं, तर मी गाडी घेऊन येईन अन् तुम्ही मुकाट्यानं बसायचं." भाऊनं मान डोलावली. त्यायनं कधी दिलेला शब्द मोडला नाई, हे तिले ठाऊक होतं.

मंग काय! दाराच्या चौकटीवर एक बोटभर डबी. खाटेजवळ एक, चुलीपाशी एक, न्हाणीत एक. फोटो काढत नाईत म्हणे, फक्त माणूस हलला का ते पाहतेत. अन् छपरीतल्या कोनाड्यात एक गोल पेटी, ती बोलते. पुण्यामुंबईच्या बाईसारखं गोड गोड. दार न उघडता घरात दोन तास कोणी हललं नाई, का आधी मंजुषाचा फोन वाजते, मंग माझा. मी तर पहिल्यांदा मंजुषाशी भांडलीच. म्हटलं, "अवो, मी काय मेली का? भिताडाले चिकटवलेल्या डब्या बापाले सांभाळतील, अन् शेजारीण काय गोवऱ्या थापत बसली?"

चार दिवसांनी मंजुषाचा नागपूरहून फोन आला. "मावशी, बाबा आत्ता न्हाणीतून निघून चुलीपाशी गेले नं?" मी दोन्ही घरांमधल्या कुडावरून डोकावली. भाऊ चुलीपाशी चहा मांडत होते! ना तार ना दोरी, अन् शंभर किलोमीटरवरून लेकीले बापाचं पाऊल समजते. माय माय माय, म्हटलं, ताराबाईही इतकं पाहत नव्हती. तवापासून त्या घरात मी तोंडावर पदर धरून जायले लागली.

पण त्याच आठवड्यापासून भाऊ मासोळीले जाईनात. जाळं खुंटीले, अन् भाऊ छपरीत बसून. मी विचारलं, "काऊन जी भाऊ, बरं नाई का?" "बरं आहे," म्हणाले, अन् तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी सकाळी माझा फोन बोंबलायले लागला. घरात दोन तास हालचाल नाई, दारही उघडलं नाई! मी पदर खोचून धावत गेली. घर रिकामं. खाट रिकामी, न्हाणी रिकामी. पाळीवर जाऊन पाह्यते तर भाऊ मजेत जाळं धुऊन राह्यले.

"कुठून आले जी तुम्ही बाहेर?"

"मागून. सांदवाडीतून."

मागच्या भाजीच्या वाडीचं काट्याचं कुंपण! अठ्ठ्याहत्तरचा माणूस, कुरकुरता गुडघा, अन् काट्यातून वाकून निघाला. पोटरीवर ओरखडे लाल झाले होते. मी चांगली झाडली त्यायले, पण काऊन तसं केलं ते काई सांगितलं नाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अन् रविवारी मंजुषा गाडी घेऊन दारात.

ती घरात शिरली ती रडतच. मले बाजूले घेऊन तिनं फोनवरचा कागदासारखा तक्ता दाखवला. "मावशी, हे बघ. दार उघडलं, बंद झालं. चार मिनिटांनी पुन्हा उघडलं, बंद झालं. पुन्हा. पुन्हा. एका पहाटे तेरा वेळा, मावशी! दाराशी जातात, परत येतात, बसतात. अन् मग घरातून गायबच होतात. दवाखान्यात असे पेशंट रोज पाहते मी. बाबांचं डोकं चालत नाही आता. मी त्यांना एकटं नाही ठेवू शकत."

तिकडं भाऊ पिशवी घेऊन खाटेवर बसले होते. दिलेला शब्द. मी म्हटलं, औषधं तरी घेतली का पाह्यते. पिशवी उघडली तर ना धोतर, ना सदरा, ना औषध. आतमंदी घडी घालून ठेवलेलं जाळं. तेवढंच.

म्हटलं, डोकं फिरलेला माणूस इतकी नीट घडी घालते का? मी मंजुषाच्या हातातून फोन ओढला. अक्षर वाचता येते मले, सातवी शिकली आहे मी. पाच वाजून दहा, दार उघडलं. पाच अकरा, बंद. मधी खाटेजवळ हालचाल. मंग माठ आहे त्या चुलीपाशी. पुन्हा दार. पुन्हा खाट. पुन्हा माठ.

दार, खाट, माठ. माघारी फिरायचं, जरा बसायचं, घोटभर पाणी प्यायचं.

"मंजुषा," म्हटलं, "आतून कडी काढून दार उघडलं का तुझी ही पेटी काई बोलते का वं?"

"हो. मीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे बाबा उत्तर देतील अन् मला कळेल."

मी दाराकडे गेली, आतून कडी लावली अन् पुन्हा काढून दार उघडलं. कोनाड्यातून गोड आवाज आला, "बाबा, कुठे निघालात?"

मंजुषानं दोन्ही हात तोंडावर धरले. शेवटी ढिवराचीच लेक ती. सहा वर्षांची असताना एकदा बापाले असंच विचारलं होतं तिनं, अन् ताराबाईनं पाठीत असा धपाटा घातला होता का साऱ्या मोहल्ल्यानं ऐकला. वीस वर्षं नागपुरात राहून पोरगी तेवढं विसरली, अन् तिची पेटी रोज पहाटे बापाले टोकत राह्यली. तेरा वेळा टोकलं, अन् तेरा वेळा त्या माणसानं जाळं उतरवलं, बसला, पाणी प्याला, पुन्हा निघाला.

"बाबा, सांगितलं काऊन नाही मले?" नागपूरचं बोलणं पार गळून पडलं तिचं.

"तू किती मनापासून लावलं होतं बाई," भाऊ म्हणाले. "कसं सांगू का तुझी पेटी मले टोकते म्हणून? मले वाटलं, बोलून बोलून थकंल कधी तरी."

मले हसूही आलं अन् रडूही. मंजुषा फोन घेऊन छपरीत बसली अन् बराच वेळ काई तरी करत राह्यली. संध्याकाळी गाडी नागपूरले गेली, ती एकट्या मंजुषालेच घेऊन.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम कुडापाशी उभी राह्यली. भाऊनं जाळं खांद्यावर घेतलं, दार उघडलं अन् थांबले. कोनाड्याकडे पाह्यलं. पेटी गप. पुन्हा जरा वाट पाह्यली त्यायनं. पेटी गपच. मंग ते पुढच्या दारानं, ताठ मानेनं, तलावाकडे गेले.

नऊ वाजता आले. ओलं जाळं, कमरेच्या टोपलीत मासोळ्या. दार लोटलं तसा कोनाड्यातून आवाज आला. पण ती गोड बाई नव्हती. मंजुषाचा आवाज होता, तिनं स्वतःच बोलून भरून ठेवलेला, अन् खरं सांगते, हुबेहूब ताराबाईचा गळा.

"आले का बाबा?"

भाऊ दारातच उभे राह्यले. जाळ्याचं पाणी उंबऱ्यावर टपटप पडत होतं. बोलले, "आलो वं माय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मंजुषा होती. "मावशी, आज दार जाताना एकदाच उघडलं. दिसलं मले इथी. मासोळी सापडली का?"

मी उत्तर द्यायच्या आधीच भाऊनं टोपलीत हात घातला. चांगली हातभर मरळ काढली. परसातून पळसाचं पान आणलं, कोनाड्यात त्या पेटीपुढं मांडलं, अन् पहिली मासोळी त्याच्यावर ठेवली.