न जोडलेली तार

टिपरे सरांकडे नवीन विद्यार्थी आला की ते मार्कशीट बाजूला सारत आणि म्हणत, "हात दाखव."

मी बार्शीहून दिल्लीला पीएच.डी.साठी आले तेव्हा माझ्यावरही ही वेळ आली. विज्ञानाचा प्राध्यापक हात बघून भविष्य सांगतो की काय, असं वाटून मी गोंधळले. सरांनी माझे दोन्ही तळवे खिडकीच्या उजेडाकडे वळवले. उजव्या अंगठ्याजवळच्या भाजल्याच्या जुन्या डागावर त्यांची नजर थांबली.

"सोल्डरिंग?"

"हो सर. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे."

"मग चालेल. बाकी सगळं शिकवता येतं. भाजण्याची भीती मात्र घरूनच घालवून यावी लागते."

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. दिल्लीतल्या एका विद्यापीठात सर उपकरणशास्त्र शिकवत. उंच, किंचित वाकलेले, आणि खिशाला जिथे इतर प्राध्यापक पेन लावत तिथे यांचा स्क्रू ड्रायव्हर. मूळचे साताऱ्याचे. अर्धं आयुष्य दिल्लीत काढूनही त्यांची हिंदी काही सुधारली नव्हती. रिक्षावाल्याला ते "भैया, घाई मत करो, सावकाश चलाओ" असं बजावत, आणि तो त्या सुरावरूनच अर्थ काढून वेग कमी करी. घरी मात्र त्यांचा नियम कडक होता. मुलगा "बाबा, आज बिल्कुल टाइम नाहीये यार" म्हणाला की सर शांतपणे सांगत, "यार तुझे बाहेर. इथं बाप आहे. वेळ नाही म्हण, मग जा."

प्रयोगशाळेत त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. कुणी म्हणालं, "सर, विश्वास ठेवा, सर्किट चालतं," की त्यांचं उत्तर ठरलेलं. "विश्वास पानिपतात गेला. मोजून दाखव." पंजाबी आणि बंगाली मुलांना यातली गंमत कळावी म्हणून त्यांनी एकदा सगळ्यांना बसवून विश्वासरावांची गोष्ट सांगितली होती. ती मुलंही मग एकमेकांना "विश्वास पानिपत गया" असं ऐकवू लागली.

पहिल्या हिवाळ्यात मला खोली मिळेना. घरमालक भाडं, पाणी, वेळा सगळं ठरवत, आणि नाव विचारून झालं की "कमरा तो कल ही उठ गया जी" म्हणत. मी सरांना खरं कारण सांगितलं नव्हतं. एकदा ते स्वतः स्कूटर घेऊन माझ्याबरोबर आले. तिसऱ्या घरी त्यांच्या लक्षात आलं. चौथ्या घरी दार उघडल्या उघडल्या, बाईंनी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "मेरी विद्यार्थिनी है. नाम नसरीन मुलाणी. कमरा देना है तो नाम के साथ दो."

बाईंनी दार लावून घेतलं. सरांनी स्कूटरला किक मारली आणि मला थेट आपल्या घरी नेलं. घरी गेल्यावर काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, म्हणाले, "मागच्या खोलीतली पुस्तकं हॉलमध्ये आण. ही इथंच राहील."

मी त्यांच्या क्वार्टरमध्ये वर्षभर राहिले. रोज्यांच्या दिवसांत काकू पहाटे माझ्या आधी उठून चहा टाकत आणि मी खात असताना समोर बसून राहत, "एकटीनं जेवू नये" म्हणून. हे सगळं आधी सांगितलं पाहिजे, कारण ते खरं होतं. पुढं घडलेलंही खरंच आहे, आणि एकामुळे दुसरं खोटं ठरवणं मला आजवर जमलेलं नाही.

देशाचे दरवाजे तेव्हा उघडत होते. विद्यापीठांना वरून सांगणं येऊ लागलं होतं की आता सरकारच्या तोंडाकडे बघू नका, उद्योगांकडे जा. सरांचे विद्यार्थी कंपन्यांत नोकऱ्या धरू लागले होते. गुडगावच्या मोहरीच्या शेतांतून काचेच्या इमारतींच्या पाट्या उभ्या राहत होत्या. तिथून पुढे मानेसरच्या रस्त्याला मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने होते. त्यांतल्या एका कारखान्यात सर मला घेऊन गेले. मालकांना सगळे बाऊजी म्हणत. बाऊजींच्या पोराला सरांनी कधीतरी शिकवलं होतं.

प्रेस शॉपमध्ये पत्रा कापण्याची यंत्रं एका ओळीत होती. कामगार हाताने पत्रा आत सरकवी, पायाने पेडल दाबी, वरून साचा आदळे. हात वेळेत बाहेर आला तर ठीक. पहिल्याच प्रेसवर रामफल नावाचा कामगार होता, रेवाडीकडचा. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. सरांनी नेहमीच्या सवयीने त्याचे हात बघितले आणि बराच वेळ ते त्याच्यापाशी उभे राहिले. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "नसरीन, तुझा विषय मिळाला."

विषय साधा होता. प्रेसच्या तोंडापाशी न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक किरण सोडायचा. हात आत असला की किरण अडणार, आणि मग कितीही जोरात पेडल दाबलं तरी प्रेस खाली येणार नाही. परदेशात अशी उपकरणं होती, पण फार महाग. आम्ही ते स्वस्तात, धुळीत आणि तेलात टिकेल असं करणार होतो. दीड-दोन वर्षं मी त्याच्यामागे होते. चाचणीसाठी हात किती वेळा आत गेला ते मोजणारा एक काउंटरही त्याला बसवला होता. ती सूचना सरांची.

या उपकरणाचा डबा तयार झाला, पण कामगार तो लावू देईनात. यंत्रावर काहीही नवीन आलं की त्यातून आपलंच नुकसान होतं, हा त्यांचा अनुभव होता. रामफल हसत म्हणाला, "प्रोफेसर साब, पहले आप."

सरांनी बाही वर केली, हात साच्याखाली ठेवला आणि मला म्हणाले, "पेडल दाब."

माझा पाय उचलेना.

"मुलाणी, आपण मोजलंय ना? दाब."

मी दाबलं. प्रेस जागची हलली नाही. सरांनी हात तसाच ठेवून रामफलला बोलावलं आणि त्यालाही पेडल दाबायला लावलं. मग शॉपमधल्या ज्याला दाबायचं त्याने येऊन दाबलं. त्या दिवशी आम्हाला कामगारांनी गूळ आणि चहा दिला. रामफल म्हणाला, "आज घरवाली को बोल दूँगा, अब चिंता मत कर." तसे डबे सगळ्या प्रेसना लावायला त्यांनी आपण होऊन होकार दिला. बसमध्ये सर एका मराठी नाट्यपदाची ओळ गुणगुणत होते. त्यांना गाताना मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर मला कावीळ झाली आणि मी बार्शीला गेले. दोन-तीन महिने गेले. परत आले तेव्हा विद्यापीठात परिषद भरली होती, 'विज्ञान-तंत्रज्ञानातील उपयोजित संशोधन' या विषयावर. हिरवळीवर शामियाना, कंपन्यांचे फलक, प्रत्येकाला पिशवी आणि पेन. आमचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. सकाळी सर म्हणाले, "तू अशक्त आहेस. आज मीच बोलतो, तू पुढे बस."

मी पुढे बसले. पहिली पारदर्शिका पडद्यावर आली. शीर्षक होतं, 'हाताने चालवल्या जाणाऱ्या प्रेसवर उत्पादकतेचं मापन'. खाली सरांचं नाव, आणि त्याखाली माझं.

आधी वाटलं, चुकून दुसरी पारदर्शिका लागली. पण पुढचं सर्किट माझंच होतं. मी रात्री जागून काढलेल्या रेघा होत्या त्या. फक्त किरणाकडून पेडलकडे जाणारी जोडणी त्यात नव्हती. किरण होता, काउंटर होता. कोणता कामगार तासाला किती वेळा हात घालतो, कुणाचा वेग कधी मंदावतो, याचे आलेख होते. शेवटी बाऊजी व्यासपीठावर आले आणि म्हणाले की विद्यापीठ आणि उद्योग हातात हात घालून चालले तर काय होऊ शकतं, ते प्रोफेसर साहेबांनी दाखवून दिलं. टाळ्या झाल्या. मागून एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, या यंत्राने अपघात कमी होतात का? सर म्हणाले, "तो कामगारांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न आहे."

जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं. हातात रिकामी प्लेट होती.

"सर, थांबवणारा भाग तोडला?"

"तोडला नाही," सर म्हणाले. "जोडला नाही."

"का?"

"चाचणीच्या डब्यानं प्रेस मधेमधे थांबत होती. माल कमी निघत होता. बाऊजी सगळंच काढून टाकायला निघाले होते. मी म्हटलं, नव्या डब्यांत निदान मोजणी राहू द्या."

"आणि कामगारांना सांगितलं?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि मला शामियान्याच्या कडेला नेलं. "नसरीन, इतकी वर्षं मी पेपर लिहिले. ते कपाटात आहेत. माझं एक यंत्र, एकच, कुणीतरी बाहेरच्या माणसानं मागितलं. आता आणखी चार कारखाने मागतायत. एकदा आत तर शिरू. पुढच्या वेळी ती तार जोडू."

"सर, त्यांनी मागितलं ते आपलं यंत्र नाही."

"तुझंही नाव घातलंय मी," ते म्हणाले. आवाजात थोडी दुखावल्याची छटा होती. "दुसरा कुणी असता तर घातलं नसतं."

माझं काम कुणी चोरलं असतं तर भांडायला शब्द होते. त्यांनी ते मला वाटून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गुडगावपर्यंत बसने आणि पुढे शेअर ऑटोने कारखान्यावर गेले. रामफल आत नव्हता. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. त्याला कामावरून कमी केलं होतं. मला बघून तो उठून उभा राहिला, बाकावर जागा करून दिली, चहा सांगितला.

"मैडम, आपका डिब्बा बहुत बढ़िया गिनता है," तो म्हणाला. "जिसकी उँगली गई, उसी की गिनती कम निकली."

"मला माहीत नव्हतं," मी हिंदीत सांगितलं. "मी गावी होते. आजारी होते."

"होगी," तो म्हणाला. चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "हम तो किसी बक्से को हाथ न लगाने देते, मैडम. वो तो प्रोफेसर साब ने अपना हाथ डाल के दिखाया, इसलिए."

शिफ्ट सुटली. कामगार कंपनीच्या बसकडे जात होते. त्यांतल्या काहींनी मला ओळखलं आणि नजर वळवली.

परिषदेचे निबंध छापले जायचे होते. मी संपादकांच्या खोलीत जाऊन माझं नाव काढायला सांगितलं. त्यांना समजेना. नाव घाला म्हणून भांडणारे त्यांनी खूप बघितले होते. मग मी मार्गदर्शक बदलून मागितला. सरांची सही लागणार होती. त्यांनी वाद घातला नाही. खिशातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवून पेन शोधलं, सही केली आणि म्हणाले, "नव्या विषयात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल तुझी."

"हो सर."

"तू भाबडी आहेस. जग असं एकदम सुधारत नसतं."

"सर, जग सोडा. आपण त्या माणसाला शब्द दिला होता."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलून पुन्हा खिशाला लावला. मी कागद घेऊन निघाले. माझा प्रबंध पुढे दुसऱ्याच विषयावर, दुसऱ्याच माणसाच्या हाताखाली, खूप उशिरा पूर्ण झाला. रामफलसाठी मी दोन-तीन कारखान्यांत शब्द टाकून बघितला, काही झालं नाही. नंतर कळलं की तो गावी निघून गेला. काकू एकदा माझ्या खोलीवर डबा घेऊन आल्या होत्या. "तुमच्या दोघांमध्ये मी पडणार नाही," म्हणाल्या, "पण तू जेवायला येत जा." मी गेले नाही.

पुढे मी पुण्यात शिकवू लागले. बऱ्याच वर्षांनी कामासाठी दिल्लीला गेले असताना काकूंचा फोन आला. सर आजारी होते, मला बघायचं म्हणत होते. ते आता गुरुग्रामला मुलाकडे, एका उंच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत होते. फाटकावर नाव सांगितलं, रखवालदाराने वर फोन लावून खात्री केली आणि मला सोडलं.

सर खुर्चीत होते, खूप बारीक झालेले. शेजारचे कुणी त्यांना भेटायला आले होते. सरांचा चेहरा उजळला. "ही माझी विद्यार्थिनी," ते त्यांना सांगू लागले. "आता जिथे तिथे मशिनवर माणसाचं काम मोजतात ना, त्याची सुरुवात आम्ही दोघांनी केली."

"नाही सर," मी म्हटलं. "ते तुम्ही केलंत. आपण दोघांनी केलं होतं ते वेगळं होतं."

शेजारी चुळबुळले आणि निरोप घेऊन गेले. मला वाटलं, आता ते म्हणतील, चुकलं माझं. इतकी वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. ते म्हणाले, "काकूला सांग, चहात साखर घालू दे आज."

आम्ही चहा घेतला. त्यांनी वडिलांच्या दुकानाची चौकशी केली. ते बंद होऊन जमाना झाला होता. मी निघताना ते उठून दारापर्यंत आले, भिंतीला धरत.

त्याच महिन्यात ते गेले. काकूंनी फोनवर सांगितलं, "शेवटच्या दिवसांत पोरांपेक्षा तुझंच नाव जास्त घेत होते गं."

मला ते ऐकून बरं वाटलं. आणि बरं वाटलं, याचाच पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.