अक्का कार्डं ओवायची

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात चादरीच्या एका कारखान्यात नक्षीची कार्डं पाडायच्या कामाला होतो. ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चादरीवरचा मोर विणकराच्या डोक्यात नसतो, तो कार्डांत असतो. हातभर लांब, चार बोटं रुंद जाड पुठ्ठा आणि त्यात भोकं. मागाच्या माथ्यावर एकेक कार्ड सुयांसमोर येतं. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई अडते, धागा खाली राहतो. यापलीकडे त्या यंत्राला काही कळत नाही. पुढं कधीतरी कुणी सांगितलं की सुरुवातीच्या संगणकांनाही अशीच भोकांची कार्डं लागायची. मला त्याचं नवल वाटलं नाही.

एका नक्षीला शेकडो कार्डं लागतात आणि ती क्रमानं दोरीत ओवून त्यांची माळ करावी लागते. ते काम मी घरी आणायचो. ओवायची माझी मोठी बहीण, अक्का. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. बाहेरगावच्या अंधशाळेत सातवीपर्यंत शिकून ती परत आली होती आणि घरात तिच्यासाठी काही काम नव्हतं. कुणी आलं की आई तिला आत बसायला सांगायची. तिच्याकडे ब्रेलचं एकच पुस्तक होतं. वाचून वाचून त्यातले ठिपके सपाट झाले होते.

सुरुवातीला मी शेजारी बसून एकेक कार्ड तिच्या हातात द्यायचो. हे तिला आवडायचं नाही. दिवसभर कामावरून आलेला मी डुलक्या काढायचो आणि तिचे हात रिकामे थांबायचे. मग तिनंच वाट काढली. मी कार्डावर पेन्सिलीनं लिहिलेला क्रमाचा आकडा एकदा वाचून दाखवायचा, तिनं कार्डाच्या टोकाला, भोकं नसलेल्या जागी, दाभणानं तोच आकडा ब्रेलमध्ये हलकासा टोचायचा. मग क्रम लावणं आणि ओवणं तिचं तिनं करायचं.

"आता तू झोप जा," ती म्हणाली.

तशी ओवलेली पहिली माळ एका संस्थेच्या चादरींची होती. काठावर संस्थेचं नाव विणायचं होतं. माळ मागावर चढली आणि दुपारी मला बोलावणं आलं. नाव उलटं उमटलं होतं, आरशातल्यासारखं, आणि अक्षरांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. माग दुरुस्त करणारा जॉबर चादर डोक्यावर धरून उभा होता.

"गिऱ्हाइकाला सांगा, चादरीसंगं आरसा फुकट हाय म्हणून."

मालक हसले नाहीत. कुणी ओवलं, विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते आमच्या वडिलांना ओळखत होते, त्यामुळं आवाज चढवला नाही. म्हणाले, "त्या पोरीला कशाला त्रास देतो बे? दुसरी बाई बघतो मी."

मला हलकं वाटलं, हे लिहायला आजही जड जातं. तिचं काम जाणार याचं दुःख नंतर आलं. आधी वाटलं, सुटलो. घरी जाऊन मी सांगितलं की कारखान्यात आता घरी काम देत नाहीत. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं?"

मी नाही म्हणत राहिलो, पण तिच्यापुढं माझं खोटं टिकत नसे. सकाळी ती माझा कोपर धरून कारखान्यात आली. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. दुरुस्तीसाठी खाली उतरवलेलं एक जकार्ड, मागाच्या माथ्यावरचं ते सुयांचं यंत्र, कोपऱ्यात होतं. जॉबरनं तिचा हात धरून सुयांवर ठेवला, एक कार्ड पुढं लावलं आणि हातानं यंत्र हळूहळू फिरवलं. सुया कार्डात शिरताना आणि अडताना ती बोटांनी बघत होती. मग तिनं कार्ड काढून घेतलं, उलटंसुलटं चाचपलं.

"ह्याला भोक लागतं," ती म्हणाली, "मला उंचवटा लागतो."

ब्रेल मागून टोचतात आणि कागद उलटून वाचतात. तिनं कार्ड पुढून टोचलं होतं, म्हणजे ठिपके वर आले मागं. ते वाचायला तिनं प्रत्येक कार्ड पालथं केलं आणि तसंच पालथं ओवलं. त्यानं नाव उलटलं, आणि भोकांच्या ओळी सुयांशी नीट न जुळल्यानं कडा कुरतडल्या. शाळेत शिकवलेलं तिनं चोख पाळलं होतं.

"मग आता मागून टोचशील?" जॉबरनं विचारलं.

"व्हय. मग ठिपकेबी वर, कार्डबी सुलट."

मालकांनी ती माळ उसवून पुन्हा ओवायला दिली. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "हितनं पुढं प्रत्येक माळ तू बघूनच आणायची." मी हो म्हणालो आणि अक्काला सांगितलं नाही. तिनं बांधून दिलेली माळ मी कारखान्याच्या जिन्याखाली सोडायचो, कार्डन् कार्ड बघायचो आणि पुन्हा बांधून आत द्यायचो. असे बरेच महिने गेले. चूक कधी सापडली नाही. न सापडल्याचं मला दर वेळी थोडं ओशाळवाणं वाटायचं, पण बघणं थांबलं नाही.

एकदा कार्डं बदलायची होती म्हणून मालकांनी मी बांधून दिलेली एक माळ न सोडता तशीच माझ्या हाती परत दिली. अक्कानं गठ्ठा मांडीवर घेतला आणि तिची बोटं दोरीवर थांबली.

"ही गाठ माझी नाही."

मालकांनी बघायला सांगितलंय, मी म्हणालो.

"मालकांनी तुला सांगितलं. मला तू सांगायचं होतंस की."

तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी पुटपुटलो. ते अर्धंच खरं होतं. चूक निघाली असती तर ती मी गुपचूप दुरुस्त करून टाकली असती आणि तिला कधी कळलं नसतं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

"बघायचं तर माझ्यापुढं बस," ती म्हणाली. "चुकलेलं असेल ते माझ्या हातात दे."

तेव्हापासून मी जेवणानंतर तिच्यासमोर सतरंजीवर माळ पसरून बघायचो. ती पलीकडे पुढची ओवत असायची. पुढं एका लग्नसराईत, कामाच्या घाईत, एक कार्ड खरंच पालथं निघालं. माझा हात आपसूक दोरीकडे गेला होता. मी तो मागं घेतला, माळेची ती जागा तिच्या बोटांखाली ठेवली. तिनं चाचपलं, दोरी कापली, कार्ड सुलट केलं आणि म्हणाली, "पुढचं बघ."