तक्त्यात बसलेलं वजन

नर्सच्या ट्रेनिंगसाठी आमच्या घरातून दोघींची निवड झाली होती, माझी आणि माझ्या मावसबहिणीची. ती धनज गावची, पण शाळेसाठी आमच्याकडे आली आणि आमच्यातच राहिली. सत्तरच्या दशकात आमच्या वस्तीतून दोन पोरी अकोल्याला शिकायला जाणार, ही मोठी गोष्ट होती. फक्त डॉक्टरांचा दाखला बाकी होता.

सरकारी दवाखान्यात भिंतीवर उंची-वजनाचा तक्ता होता. डॉक्टरांनी बहिणीला काट्यावर उभं केलं, तक्त्यावरून बोट फिरवलं आणि सही केली. माझ्या वेळी बोट थांबलं.

"पाच किलो कमी आहे. महिन्यानं या."

"साहेब, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी दोन कोस चालते. कधी तापानं पडली नाई."

"असेल. पण तक्त्यात बसत नाही."

माणूस वाईट नव्हता. बाहेर रांग होती.

तो महिना मी नुसती खात होते. शेंगदाणे, गूळ, भाकरीवर भाकरी. घास गिळला की वाटायचं, आता काटा हलला असेल. दर बाजाराला अडत्याच्या काट्यावर दोघी उभ्या राहायचो. माझं वजन जिथल्या तिथं, बहिणीचं मात्र दर खेपेला वाढलेलं. माझ्या मायला तिचं कौतुक.

"पाह्य, कशी भरून राह्यली ते! तुयाच अंगाले काहून लागत नाई?"

मी ताटावरून उठून जायची. बहिणीचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो म्हणून स्वतःचा राग यायचा.

एका सकाळी विहिरीवर धुणं धुताना ती म्हणाली, "पायातल्या तोरड्या निघून नाई राह्यल्या वं. साबण लाव."

साबण लावताना माझा अंगठा तिच्या घोट्यावर दाबला गेला. तिथं खळगा पडला. मळलेल्या कणकेत पडावा तसा, आणि तसाच राहिला. मी वर पाहिलं. तिच्या डोळ्यांखालीही सूज होती. हंडा उचलताना तिला धाप लागते, हेही तेव्हा लक्षात आलं.

"कवापासून हाये हे?"

"चालून चालून सुजले. कोणाले सांगू नोको. मले दाखला भेटला हाये."

पुढचे चार दिवस मला एका जागी बसवेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. चुलीपुढे बसले की उठायची, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. सांगितलं तर तिची जागा जाईल. लोक म्हणतील, हिला मिळालं नाही म्हणून हिनं तिचंही घालवलं. लोकांचं सोडा, मला स्वतःलाच खात्री नव्हती.

महिना भरला. बहीण माझ्यासोबत दवाखान्यात आली, बाहेर बाकावर बसली. मी काट्यावर उभी राहिले. वजन तेच. डॉक्टरांनी पेन उचललं, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं राहू द्या साहेब. बाहेर माझी बहीण बसली हाये, तिचे पाय पाहा."

तिला आत बोलावलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी कधी विसरले नाही. डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबलं. नर्सबाईंनी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली; ती फाटलेल्या दुधासारखी पांढरी झाली. डॉक्टरांनी नळी उजेडात धरून पाहिली.

"हे वजन अंगाचं नाही, पाण्याचं आहे. मूत्रपिंडाचा आजार दिसतो. आजच अकोल्याला न्या."

निघताना त्यांनी मला थांबवलं. डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, बोटातून रक्त घेतलं, छाती ऐकली, दवाखान्याच्या पायऱ्या दहा वेळा चढायला लावून नाडी मोजली. मग 'फिट' लिहिलं, आणि खाली, वजन कमी असलं तरी चालेल, अशा दोन ओळी. पुढे ट्रेनिंगच्या कचेरीत त्या ओळींवरून कारकुनानं मला बराच वेळ उभं ठेवलं, पण शेवटी कागद घेतला.

त्याच दिवशी मायला सोबत घेऊन निघालो. अकोल्याच्या बसमध्ये बहीण मायच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. तसंच न वळता म्हणाली, "तुले तक्त्यात बसता नाई आलं म्हणून मलेबी काढलं ना?"

मी तिची पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली.

दोन महिने ती दवाखान्यात होती. सूज उतरली तेव्हा तिचं वजन माझ्याहून कमी भरलं. ती बरी झाली, पण जागा गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी तिनं अर्ज भरला नाही. तिचं लग्न केनवडला झालं. मी सुट्टीवर आले आणि तीही आमच्याकडे आलेली असली, की ती दुसऱ्या खोलीत जायची.

काही वर्षांनी नात्यातल्या एका लग्नात पंगतीला बसताना तिनं सरकून मला जागा दिली. पानं वाढून झाली. मग ती म्हणाली, "अकोल्याचा डॉक्टर म्हने, अजून महिनाभर काढला असता तं मी गेली असती."

मी मान हलवली.

"पण तुया जागी मी असती ना, तं सांगतलं नसतं."

ती हसत होती की नाही, ते मला कळलं नाही. वाढपी वरण घेऊन आला, आणि तिनं द्रोण पुढे केला.