वापरणाऱ्याची चूक

दुरुस्तीच्या धंद्यात किस्से साठत जातात, त्यात विशेष काही नाही. ज्यांत आपण हुशार ठरलो ते चार लोकांत सांगून सांगून झिजले. उरले ते हे. हे मी घरीसुद्धा सांगितलेले नाहीत!

नगरच्या एमआयडीसीत विलासअण्णांचं छोटं वर्कशॉप आहे, तिथं मी मेकॅनिक. एका परदेशी कंपनीच्या प्रेसची सर्व्हिस आमच्याकडे असते. प्रेस म्हणजे टेबलाला बोल्टनं आवळायचं, लांब हँडलचं लोखंडी यंत्र. वापरलेली रिकामी काडतुसं त्यावर पुन्हा भरतात. परवाना असलेल्या रायफल क्लबातच ते सापडायचं, म्हणून गिऱ्हाईक मोजकं. त्यातलं नेहमीचं म्हणजे जवळच्या क्लबचे सुभेदारसाहेब, रिटायर्ड फौजी.

वॉरंटी जन्मभराची. अण्णांना ते काही पटत नव्हतं.

"जन्मभराची? कुनाच्या जन्माची?"

•

पहिली तक्रार सुभेदारांचीच. हँडलचा जोड तुटलेला. त्यांनी सरळ सांगितलं, "माझ्या हातून पडलं. टेबलावरून खाली."

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "आसं लिहू नको बाबा. कंपनी हात वर करंल."

मग मी मोबाईलवर जुळवून जुळवून इंग्रजीत ईमेल लिहिला. मशीन शांतपणे उभं होतं, कुणी हातसुद्धा लावला नव्हता, आणि जोड आपोआप तुटला!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. खाली एका बाईंचं नाव. "पार्ट पाठवला आहे. तो कसा तुटला हे आम्ही विचारलं नव्हतं."

सुभेदारांनी विचारलं, "काय लिहिलंत मग?"

"तुमी सांगितलं तेच, साहेब."

आजही ते मला प्रामाणिक माणूस म्हणून ओळखतात.

•

दुसऱ्या वेळी बाईंनी तुटलेल्या पिनचा फोटो मागवला. अण्णांनी पिन रॉकेलनं धुतली, पांढऱ्या कागदावर ठेवली, शेजारी मोजपट्टी. एकदम झकास फोटो.

उत्तर आलं, "फोटोतली पिन आमची नाही. तरी आमची पाठवतो आहोत."

आमची नाही? मी अण्णांकडं बघितलं. अण्णा लेथकडं बघायला लागले. मागच्या वर्षी पार्टची वाट बघायचा कंटाळा आला म्हणून त्यांनीच ती पिन त्या लेथवर कातली होती, आणि सांगायचं विसरले होते.

मग हळूच म्हणाले, "पन फिनिशिंगबद्दल काय बोलली का ती?"

•

एकदा क्लबात नवीन पोरापोरींसमोर मला मशीनची माहिती द्यायला बोलावलं. वीसेक जण, सगळे माझ्याकडं बघतायत. मला चेव आला.

"हे मशीन काय साधं न्हाई! माणूस लोंबकळला तरी वाकणार न्हाई!"

आणि लोंबकळलो.

मशीन वाकलं नाही, हे खरं. टेबल उलटलं. हँडल माझ्या हातात, मी फरशीवर, मशीन माझ्या पायाशी. कुणी हसलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं!

या वेळी ईमेल सुभेदारांनी स्वतःच पाठवला, फोटोसकट. फोटोत प्रेसपेक्षा मीच जास्त होतो. बाईंनी लिहिलं, "हँडल पाठवतो आहोत. मेकॅनिक बरा आहे ना?"

•

एक पार्सल कस्टममध्ये अडकलं. तिथल्या साहेबांचा फोन आला. "यात बंदुकीचं काही आहे का?"

बंदूक म्हटल्यावर माझी तंतरली. कागद सगळे सरळ होते, परवाना होता, खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण तोंडातून गेलं, "न्हाई साहेब. शेवयाच्या मशीनचा पार्ट हाय."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"पार्सल रायफल क्लबच्या नावावर आहे."

सुभेदारांना घेऊन, परवान्याच्या प्रती आणि माफीचं पत्र घेऊन गेलो. साहेबांनी सगळं नीट वाचलं, शिक्का मारला, आणि वर न बघता सुभेदारांना विचारलं, "शेवया बारीक निघतात का जाड?"



•

काष्टी गावची सविता त्याच क्लबची नेमबाज. नेम पक्का, हात नेटका, म्हणून प्रेसच्या खोलीची किल्ली सुभेदारांनी तिच्याकडं दिलेली.

सर्व्हिसनंतर महिन्याभरानं ती वर्कशॉपवर आली. "दादा, तुमी जोडून दिल्यापासून हँडल मधीच अडकतंय."

मी मान वर केली नाही. "ताई, त्याला ताकद लागती."

"माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. मोळ्या उचलल्यात मी. ताकदीचं न्हाई हे."

मला राग आला. क्लबात गेलो, वरवर बघितलं आणि दुरुस्तीच्या जॉबकार्डवर लिहिलं: वापरणाऱ्याची चूक. जोरात हँडल मारल्याने हँडलखालचा दांडा वाकला. खाली ऐटीत सही. सुभेदारांनी कार्ड वाचलं आणि त्याच दिवशी तिच्याकडून किल्ली काढून घेतली. तिची निवड चाचणी तोंडावर होती. ती हळूहळू क्लबात यायची बंद झाली.

पुढं वाकलेला दांडा बदलायला मशीन उघडलं. आतली चकती उलटी बसवलेली. ते मशीन माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बाईंना पहिल्यांदा खरं लिहिलं. चकती मी उलटी बसवली, आणि दोष एका मुलीवर टाकला.

उत्तर आलं, "दांडा पाठवतो आहोत. मुलीची माफी आमच्या वॉरंटीत येत नाही."

सुभेदारांना जाऊन सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली. "तुम्हीच द्या."

काष्टीला बाजारच्या दिवशी गेलो. सविता आईबरोबर भाजी विकायला बसली होती. नवं जॉबकार्ड आणि किल्ली पुढं केली. कार्डावर लिहिलं होतं: मेकॅनिकची चूक.

तिनं हात पुसले, कार्ड घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं. किल्लीला हात लावला नाही. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला आधी मेथीची जुडी दिली. मग कार्ड माझ्यापुढं धरलं.

"दादा, ह्याच्यावर सही न्हाई केली तुमी."