पिवळ्या बिबमधला खेळाडू

त्याने मला सांगितलं होतं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण तेव्हा मी ते कुणापाशी बोललो नाही आणि त्यामुळे तो खोटारडा ठरला.

मी फिजिओ आहे. चंदीगडमधल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाबरोबर काम करतो. दुखावलेल्या खेळाडूला बरं करणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे तो दुखावूच नये यासाठीचा अभ्यास. मांडीच्या मागच्या स्नायूवर, हॅमस्ट्रिंगवर, माझा विशेष जीव. त्यासाठी इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमधून मी एक बाकडं बनवून घेतलं होतं. खेळाडूने त्यावर गुडघे टेकायचे, घोटे पट्ट्यांत अडकवायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. पट्ट्यांना किती ओढ बसते ते यंत्र दाखवायचं. खेळाडू त्या बाकड्याला ‘फाँसी’ म्हणायचे.

तो कोल्हापूरचा. उजव्या बाजूने सुसाट पळणारा विंगर. संघात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सगळ्यांसमोर मला ‘सर’ म्हणायचा आणि एकटे असलो की ‘काका’. रविवारी घरी जेवायला यायचा. माझी बायको पुण्याची. ताटावर बसला की हा विचारायचा, “काकू, आमटीत गूळ घातलाय का गुळात आमटी?” आणि मग दोनदा वाढून घ्यायचा.

जानेवारीतल्या धुक्याच्या एका सकाळी बाकड्यावरून उतरताना तो हळूच म्हणाला, “काका, डाव्या मांडीला मागनं ओढल्यागत हुतंय. लई न्हाई, पण हाय.”

मी दाबून पाहिलं. एका जागी त्याने श्वास रोखला. यंत्रावरही डावा पाय कमी पडत होता. पळणं बंद, विश्रांती, मग हळूहळू सुरुवात. हे शिकाऊ फिजिओलाही कळलं असतं. मलाही कळलं होतं.

पण त्या शनिवारी सेक्टर १७ मधल्या एका हॉटेलात, फिजिओंच्या परिषदेत, माझं भाषण होतं. आमच्या संघात त्या मोसमात हॅमस्ट्रिंगची एकही दुखापत कशी झाली नाही, हा विषय. आमच्या अभ्यासात दुखापत मोजायची एक रीत आहे. खेळाडू सरावाला किंवा सामन्याला मुकला, तरच ती दुखापत धरायची. दुखत असताना मैदानात उतरला तर नाही. रीत वाईट नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मी त्याला त्या रेघेच्या सोयीच्या बाजूला उभं केलं.

“सुट्टी नको घेऊस,” मी म्हणालो. “पिवळी बिब घाल.”

सरावात दोन बाजू करून खेळतात, तेव्हा जर्सीवर पिवळी बिब, म्हणजे बिनबाह्यांचं पातळ जाकीट, चढवलेला एक जण कुणाचाच नसतो. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांच्या बाजूने तो खेळतो. त्याला कुणी अडवत नाही, त्याला फार पळावं लागत नाही. सगळे त्याला जोकर म्हणतात.

“कोचना सांगू का?” त्याने विचारलं.

“मी बघतो. तू काही बोलू नकोस, उगाच बाहेर बसवतील.”

“तुम्ही म्हनताय तर,” तो म्हणाला.

त्या आठवड्यात तो रोज पिवळ्या बिबमध्ये होता. “ओए जोकर, आज भी आराम?” असं गोलकीपर लांबून ओरडायचा. “जोकर हर बाज़ी में चलता है, पाजी,” हा उलट ओरडायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या हसण्याची मला आज किळस येते.

भाषण उत्तम झालं. पडद्यावर मोठं शून्य होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर हातात प्लेट घेऊन मी काडीने पनीर टिक्का उचलत होतो, तेव्हा बोटांना गार स्प्रेचा वास आला. सकाळी त्याच्या मांडीवर मारला होता. मी हात धुवून आलो आणि परत पनीर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सामना. संघ ठरवताना कोचनी विचारलं, “डॉक साब, ये फिट है ना? एक दिन की छुट्टी नहीं ली इसने.”

“फिट है,” मी म्हणालो.

उत्तरार्धात कडेने लांब पास आला. तो त्यामागे सुटला आणि मागून कुणी काठी घालावी तसा कोसळला. मी बॅग घेऊन पळालो. पळतानाच मला ठाऊक होतं की कुठे हात लावायचा. स्नायूचा दोर हाडापासून सुटला होता. शस्त्रक्रिया झाली.

तो हॉस्पिटलमध्ये असताना संघाची बैठक झाली. “दर्द था तो बोलना चाहिए था,” कोच म्हणाले. “छुपाके खेला. टीम से झूठ बोला.” मी खाली मान घालून चिकटपट्टीचा रोल गुंडाळत बसलो. तो आधीच गुंडाळलेला होता. पुढे व्यवस्थापनाने त्याचा करार वाढवायचा नाही असं ठरवलं. फुटबॉलचं जग लहान आहे. दुखणं लपवतो अशी ख्याती झालेल्या खेळाडूला दुसरा संघ दारात उभं करत नाही.

बायकोने एकदा जेवताना विचारलं, “त्याने लपवलं म्हणतात. तुझ्यापासूनही?”

“भात वाढ,” मी म्हणालो.

सरावानंतर खेळाडू बर्फाच्या टबात उतरतात. सगळे निघून गेल्यावर त्या पाण्यावर गवत, केस आणि तेलकट तवंग उरतो. तो टब रिकामा करून घेणं माझ्याकडे असतं. त्या दिवसांत मी रोज तिथे उभा राहून ते पाणी मोरीत जाताना बघायचो.  टब घासला जायचा, माझ्यावरचा तवंग तसाच राहायचा.

मार्चमध्ये तो कुबड्या घेऊन सामान न्यायला आला. ड्रेसिंग रूममध्ये मी एकटाच होतो. लॉकरमधून बूट काढून त्याने पिशवीत टाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “काका, एक इचारू?”

“विचार.”

“मी तुमास्नी सांगितलं हुतं न्हवं? सगळे म्हंत्यात मी लपवलं. घरी आबा बी तेच म्हनाय लागलेत. आता माझं मलाच वाटाय लागलंय, की मी बोललोच न्हाई.”

तो मला दोष देत नव्हता. खरंच विचारत होता. शिव्या घातल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या, कदाचित त्यावर निभावूनही नेलं असतं. पण मी त्याच्या पायाबरोबर त्याची आठवणही मोडली होती, हे त्या क्षणी कळलं आणि मला स्वतःची शिसारी आली.

“सांगितलं होतंस,” मी म्हणालो. “अर्धा तास थांब. जाऊ नकोस.”

सराव संपवून सगळे आत आले. घामाचे, चिखलाचे, दंगा करत. त्याला बाकावर पाहून एकेक जण गप्प झाला. मी कोचना दार लावायला सांगितलं. त्याला गप्प राहायला मी मराठीत सांगितलं होतं, म्हणजे कुणाला कळू नये. म्हणून आता हिंदीत बोललो.

“इसने कुछ नहीं छुपाया. मैच से पहले ही मुझे बता दिया था. मैंने इसे चुप रहने को कहा, पीली बिब पहनाई, क्योंकि मुझे अपने भाषण के लिए वो ज़ीरो बचाना था. फिर कोच साब ने पूछा, तो मैंने कहा फिट है. झूठ मैंने बोला. ये बात मैं मैनेजमेंट को भी बताऊँगा, और जो भी क्लब पूछेगा, उसको भी.”

 मी बाकाजवळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो कुबड्यांकडे हात नेत होता, माझ्यासाठी उठायला. मी त्याला बसवलं आणि खाली फरशीवर बसलो.

“तूने बताया था,” मी म्हणालो. “ग़लती मेरी है. मुझे माफ़ कर.”